चौथ्या मजल्यापर्यंतचा परिच्छेद

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि वहिनी जिना उतरताना, म्हणजे घरातला आवाज पूर्वीइतकाच आहे. लेकीचे पुढचे दात आले का? वहिनीच्या फोनवर फोटो पाठवलास त्यात तोंड मिटलेलं होतं.

तू वहिनीला विचारलंस म्हणे, "दादाला ती साइट कोणी करून दिली?" तिने निरोप माझ्यापर्यंत पोचवला आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेली, कारण पुढचा तासभर मी काय बोलणार ते तिला पाठ आहे. तर तुलाच लिहितो. कोणी करून दिली नाही. माझ्या हातांनी मी केलेल्या गोष्टी येणेप्रमाणे:

साइट. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एका जाड पुस्तकावरून आणि बऱ्याच शिव्या देऊन शिकून. तिचं पान पापणी लवायच्या आत उघडतं. तुमच्या कंपनीचं ॲप उघडेपर्यंत माणसाचा चहा गाळून होतो.

वाचकाने आपला ई-मेल पत्ता टाकायची चौकट, आणि दर रविवारी सकाळी त्या पत्त्यांवर माझं पत्र जायची सोय.

ज्यावर हे लिहितो आहे ते टेबल. भंगारात निघालेल्या एका लिफ्टच्या सागवानी फळ्यांचं. डाव्या बाजूला बटणांची भोकं अजून आहेत, त्यांत वहिनी पेन्सिली खोचते.

सत्तावीस पितळी चौकटी, काच बसवलेल्या, कोणाची बाही अडकू नये म्हणून कोपरे घासून गोल केलेल्या. त्यातली कार्डं. कार्डांवरचा मजकूर.

आणि सहाशे त्रेचाळीस वाचक.

ही शेवटची गोष्ट हाताने केलेल्यांत धरावी की नाही, यावर वहिनीचं नि माझं एकमत नाही. मी धरतो.

आता चौकटींचं सांगतो, म्हणजे वाचकांचं कळेल. तुमच्या ॲपवरून मी निघालो तेव्हा ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तीन वर्षं तिथे लिहिलं, एका लेखाला नव्वद हजार वाचक मिळाले, आणि हा बाबा म्हणतो मी चाललो. घड्याळवाला मित्र म्हणाला, "अरे, भर बाजारातलं दुकान सोडून गल्लीत कोण जातं?" मी म्हटलं, दुकान माझं नव्हतंच. मी फक्त फळकुटावर माल ठेवत होतो. कोणाचा माल पुढे आणायचा आणि कोणाचा मागे ढकलायचा हे दुसराच ठरवत होता.

त्या नव्वद हजारांनंतरच्या लेखाला किती वाचक आले माहीत आहे? एक्केचाळीस. त्यात मी दोनदा होतो. मग मी काय केलं, तर पुन्हा तसंच लिहायला गेलो. नव्वद हजारांचा लेख अडकलेल्या लिफ्टवर होता, म्हणून आणखी सहा लिफ्ट अडकवल्या. ज्याने पोटासाठी सव्वीस वर्षं अडकलेल्या लिफ्ट सोडवल्या त्याने कागदावर एकामागून एक अडकवाव्यात. शेवटी वहिनी म्हणाली, "आता एखादी चालू द्या. लोकांना घरी जायचंय."

ॲप का सोडलं, त्याचं कारण तुला माहीत आहे. त्या दिवशीच्या जेवणाबद्दल मला लिहायचं नाही.

तर साइट झाली, आणि पहिले चार महिने तिथे चिटपाखरू फिरकलं नाही. चांगलं लिहिलं की वाचक आपोआप येतात, असं म्हणणाऱ्याने कधी काही विकलेलं नसतं. ओळखीच्यांना सांगितलं. ते "वा वा" म्हणाले, आणि वाचलं नाही. तेव्हा मी विचार केला, आपल्या हातात काय आहे? आपल्या हातात बावीस इमारतींतल्या सत्तावीस लिफ्ट आहेत. दरमहा तेल, ब्रेक, दोऱ्या, दाराचे रोलर, सगळं मी बघतो. आणि रोज त्या लिफ्टमध्ये हजारो माणसं अर्धा अर्धा मिनिट उभी असतात, एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून बुटांकडे बघत. एवढे मोकळे डोळे जगात दुसरीकडे कुठे सापडणार?

म्हणून ठरवलं की लिफ्टमध्ये परिच्छेद लावायचा. तळमजल्यावर सुरू होईल आणि माणसाचा मजला येईल तेव्हा तुटेल, असा. खाली साइटचा पत्ता. ना नाव, ना फोटो, ना "अवश्य वाचा".

मी प्रत्येक लिफ्टमध्ये उभा राहून मजकूर मोठ्याने वाचून पाहिला. जुन्या लिफ्ट संथ, त्यांना लांब वाक्यं चालतात. नव्या झपकन जातात, तिथे वाक्य आखूड लागतं. एका मालकीणबाईंनी मला रिकाम्या लिफ्टमध्ये एकट्याने बोलताना पाहिलं आणि पुढच्या महिन्यात बिल देताना प्रेमाने विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

चौकटी बसवल्या. दोन महिने झाले. एक माणूस आला नाही. एक.

मी मजकूर बदलला, अक्षर मोठं केलं, काच पुसली. काही नाही. एके दिवशी कसलासा दाखला आणायला वहिनीला घेऊन एका इमारतीत गेलो. लिफ्टमध्ये शिरलो. मी म्हटलं, "बघ, ही चौकट." ती म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, "ही काय, मागे." ती वळली, चौकट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, लिफ्टमध्ये माणूस दाराकडे तोंड करून उभा राहतो. त्याच्या पाठीला डोळे असतात का?"

धाकट्या, मी लिफ्टमध्ये प्रवास करत नाही, काम करतो. शिरलो की पाठ दाराकडे, तोंड आतल्या बाजूला, हातात पाना. सव्वीस वर्षांत मी लिफ्टमध्ये एकदाही माणसासारखा उभा राहिलो नव्हतो. मागच्या भिंतीवर चौकट बसवण्याची चूक अख्ख्या गावात फक्त लिफ्टवालाच करू शकतो.

सत्तावीसच्या सत्तावीस काढल्या आणि बटणांच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर लावल्या. पहिल्या आठवड्यात अकरा माणसं आली.

अकरा हा आकडा तुमच्याकडे कोणी मोजतसुद्धा नसेल. मी त्या अकरांतल्या प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं. एक औषधं पोचवणारा होता, दिवसातून चाळीस लिफ्ट चढणारा. त्याने कळवलं की माझे तीन परिच्छेद त्याने वेगवेगळ्या इमारतींत तुकड्यातुकड्याने पूर्ण केलेत आणि पाचव्या इमारतीतला त्याला पाठ आहे. एका दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, "तुम्ही लिहिता ते आठव्या मजल्यावरच्यांसाठी. आम्हाला दोन ओळी मिळतात. दुसऱ्या मजल्यावर राहणं हा गुन्हा आहे का?" मुद्दा बिनतोड होता. त्या लिफ्टमध्ये मी कार्डाच्या वर दोन ओळींची एक गोष्ट लावली, फक्त दुसऱ्या मजल्यासाठी. बाईंनी नऊ माणसं पाठवली. म्हणजे त्यांच्या बहिणी, भाच्या आणि एक व्याही, ज्याच्याशी म्हणे त्यांचं आधी पटत नव्हतं. आता माझ्या लिखाणात काय काय वाईट आहे यावर दोघांचं पटतं.

असेच येत गेले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने पत्र पुढे पाठवलं. कोणीही वरून टाकलेला नाही. प्रत्येक जण आपल्या पायाने, निदान आपल्या मजल्याने आलेला आहे.

आणि फुकट आलेला नाही, हेही लिहितो. एका मोठ्या इमारतीचा मॅनेजर म्हणाला, "भिंतीवर काही लावायचं नाही, नियम आहे." मी म्हटलं, ही भिंत नाही, लिफ्ट आहे. तो म्हणाला, "चौकट काढा, नाहीतर कंत्राट जाईल." माझ्याकडच्या सगळ्यांत चांगल्या दोन लिफ्ट होत्या त्या. चौकटी पान्याने उघडल्या, पिशवीत घातल्या, मशीन रूमची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघालो. घरी येईपर्यंत गेलेल्या पैशांची बेरीज करत होतो, खोटं कशाला सांगू. वहिनीने हिशोब विचारला नाही. एवढंच म्हणाली, "त्या दोन चौकटी आता कुठे लावणार?" त्या आता नंतर मिळालेल्या एका दवाखान्यांच्या इमारतीत आहेत. त्या इमारतीबद्दल उद्या लिहितो. बोटं दुखायला लागली.


मंगळवार

काल जिथे थांबलो ते ठिकाण मी मुद्दाम निवडलं होतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. वाक्य कुठे तोडावं हे मला आता कळतं.

त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे नावं घेणारी जी मुलगी बसते ती माझी वाचक आहे. तिने महिन्यापूर्वी मला लिहिलं, "काका, आज एक गंमत झाली. एक गृहस्थ गाल धरून लिफ्टमधून बाहेर आले, नाव सांगितलं आणि परत लिफ्टमध्ये गेले. खाली गेले. वर आले. पुन्हा खाली गेले. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा आले तेव्हा डोळे ओले होते. मी म्हटलं फार दुखतंय का, तर म्हणाले, नाही, दात ठीक आहे."

त्या लिफ्टमध्ये त्या महिन्यात शिडीवाला लावला होता. "एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन गावोगाव फिरत असे. लोक विचारत, शिडी कशाला? तो म्हणे, लागेल. एके रात्री त्याला एक उंच खिडकी दिसली. खिडकीत दिवा होता, आणि दिव्याजवळ" इथे चौथा मजला येतो.

त्याच दिवशी दुपारी माझ्या यादीत एक पत्ता आला. नावाच्या जागी "चौथा मजला" असं लिहिलेलं. मला वाटलं, कोणीतरी मिस्कील आहे. मग पुढच्या रविवारी त्याचं पत्र आलं. ते मी इथे पूर्ण उतरवतो, तुला माहीत असलं तरी.

"महोदय, आपल्या गोष्टीत एक चूक आहे. मूळ गोष्टीत खिडकी अंधारी होती. दिवा नंतर, घरी, कोणीतरी लावला, कारण ऐकणारा अंधाराला भ्यायचा. लेखकाने दुरुस्त करावं किंवा करू नये. एक वाचक."

मी टेबलाशी बसून राहिलो. वहिनीने दोनदा जेवायला बोलावलं. तिला वाटलं कोणीतरी गेलं.

तुला आठवतं आहे हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षांचा होतास. बाबा हॉस्पिटलची लिफ्ट चालवायचे, तुला मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते, आणि लिफ्ट दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. मी तिसऱ्या मजल्यावर जाळीशी पालथा पडून खाली बघत होतो. मला फक्त बाबांची टोपी आणि तुझी चप्पल दिसत होती. तू रडायला लागलास म्हणून बाबांनी गोष्ट सुरू केली. आयुष्यात त्यांनी सांगितलेली तेवढी एकच गोष्ट. शिडीवाला खिडकीपाशी आला, आणि वरून मेकॅनिकने चाक फिरवलं, लिफ्ट वर आली, जाळी सरकली. बाबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "तिसरा मजला." लोक आत शिरले. गोष्ट संपली नाही.

तू आठवडाभर विचारत होतास, पुढे काय झालं? बाबा म्हणायचे, ती लिफ्टमध्येच राहिली. मग अंथरुणात तू मला विचारायला लागलास. मी अकरा वर्षांचा. मला काय ठाऊक? मी जुळवायला लागलो. आज शिडीवाला आत गेला, उद्या नाही गेला, परवा शिडीच मोडली. तू कुठलाच शेवट मानायचा नाहीस. "हे खोटं आहे, नीट सांग." इतका कडक वाचक मला पुन्हा भेटला नाही.

दिवा मीच लावला असणार. तू आत होतास, बाबांच्या मांडीवर, तुझीच साक्ष खरी. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो बाबांचा आहे.

आता ते जेवण. लिहिणार नव्हतो, पण कालपासून तेवढंच सोडून बाकी सगळं लिहून झालं.

तुझ्या घरी आम्ही जेवायला बसलो होतो. तुझ्या बायकोने कौतुकाने सांगितलं, त्यात तिची काही चूक नाही, की "दादा, तुमचा लेख ह्यांनीच तर वर ठेवला होता. पहिल्या पानावर, तीन दिवस." मला ते तोपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटत होतं नव्वद हजार माणसं आपणहून आली. ते एक टोचलं, पण ते मी गिळलं असतं. भावाने भावाला हात दिला, त्यात रागवायचं काय? मी तुला विचारलं, "शेवट कसा वाटला?"

आणि तू म्हणालास, "दादा, खरं सांगू? रोज चारशे लेख येतात. तुझं नाव बघितलं आणि वर टाकला. वाचायचा राहिलाच."

मी जेवण पूर्ण केलं. हात धुतले. वहिनीला म्हटलं, चल. त्याला आता चौदा महिने झाले.

त्या लेखाचा शेवटचा परिच्छेद तुझ्यासाठी होता. चाळीस वर्षं जुळवून जुळवून एक शेवट मला सापडला होता, जो तू बहुतेक मानला असतास. तो नव्वद हजार अनोळखी माणसांकडे गेला आणि ज्याने विचारलं होतं त्याच्या हातून, त्याच्याच बोटाखालून, न वाचता गेला. लोक मला म्हणतात, "तुला एवढे वाचक मिळाले होते." मला विचारशील तर त्या दिवशी माझा एक वाचक गेला.

हे आता लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही, बोलणारही नाही.

पण एक गोष्ट आहे. मी त्या आकड्यांवर थुंकलो, लिफ्टमध्ये चौकट लावली, आणि तिथून तू आलास. नाव न बघता आलास, कारण कार्डावर नावच नाही. दुखरा दात घेऊन तीनदा वरखाली केलंस. शेवट वाचायला साइटवर गेलास, पत्ता टाकलास, आणि चूक काढलीस. यात मी तुला कुठे बोलावलं नाही, तू मला कुठे वर ठेवलं नाहीस. म्हणून तुला मी सहाशे त्रेचाळीसांत धरलं आहे. भाऊ म्हणून धरलेलं नाही, त्याचा खाना वेगळा.

चुकीबद्दल निर्णय असा: तू "करावं किंवा करू नये" असं लिहिलंस. मी तपासून पाहिलं. दिवा राहील. बाबांच्या खिडकीत तो नव्हता, पण आपल्या खोलीत लागत होता.

आणि दादाने माझं पत्र ओळखलं का, हे वहिनीला विचारायचं सोडून साइट कोणी केली हे विचारलंस, तेही माझ्या लक्षात आलं. आपण दोघेही एकाच बापाचे आहोत, ऐन वेळी "तिसरा मजला" म्हणणारे. आता थेट मला लिही. शेवट मानलास की नाही ते कळव, आणि भीड धरू नकोस. नेहमीसारखं "हे खोटं आहे" म्हणालास तरी चालेल.

लेकीला आशीर्वाद. दात दाखवून फोटो पाठव. तुझ्या बायकोला सांग, त्या दिवशीची आमटी चांगली झाली होती, सांगायचं राहून गेलं.

तुझा, अजून शेवट जुळवत असलेला,
दादा

ता. क. तुझ्या ऑफिसात बातमी फिरत असेल, आणि आकडे तोंडातोंडी फुगतात, म्हणून खरं काय ते माझ्याकडून ऐक. परवा तुमच्या कंपनीच्या मोठ्या बाई माझ्या घरी आल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना लिफ्टमध्ये त्यांनी कार्ड वाचलं होतं. मी विचारलं, माझं नाव तुम्हाला धाकट्याने सांगितलं का? त्या म्हणाल्या, "ते आमच्याकडे आहेत, पण त्यांचा इथे काय संबंध?" म्हणजे तू कोणाला काही बोलला नव्हतास. त्याबद्दल मी तुझ्यावर खूश आहे. बाईंनी माझे पाच लेख खरोखर वाचले होते, हेही मान्य करतो. बोलायला सरळ वाटल्या, चहा दोनदा घेतला. पण सहाशे त्रेचाळीस माणसांनी आपला पत्ता माझ्या हातात दिला आहे, पुढे सरकवायला दिलेला नाही. आणि वर नेणारी दोरी कोणाच्या हातात आहे हे आधी बघायचं, ही तर माझी रोजची भाकरी आहे. म्हणून नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं होतं: शहरातल्या सगळ्या मोठ्या लिफ्टमध्ये चौकटींच्या जागी कंपनीचे पडदे, त्यावर माझे परिच्छेद, वर्षभर ॲपच्या पहिल्या पानावर माझी जागा, बदल्यात साइट बंद करून वाचकांची यादी त्यांच्या हवाली करायची. रक्कम एकोणीस लाख, सही करताक्षणी.